तिच्या पायाजवळचा हीटर

"सर, हीटर चालतो का?"

जीप विकायची आहे असं मी दोन-चार ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं. त्यावर आलेला हा पहिला फोन. बोलणारा तरुण शिक्षक होता. त्याची नेमणूक बिरस्याकडच्या एका शाळेत झाली होती. तिकडे जंगल, त्यामुळे थंडी बालाघाटपेक्षा जास्त, आणि घरात चार महिन्यांचं बाळ. म्हणून इंजिन, टायर, कागदपत्रं या सगळ्यांच्या आधी त्याने हीटर विचारला.

मी म्हणालो, "चालतो. पण लाथ मारावी लागते."

तो हसला. मी हसलो नाही, कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं, आणि ती गेली त्याला तेव्हा आठ महिने होत आले होते. तिची वाक्यं अशी अधूनमधून माझ्या तोंडातून बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर मलाच दचकायला होतं.

"म्हणजे पंखा अडकतो," मी सावरून सांगितलं. "दुरुस्त करून घेतो. मग गाडी बघायला या."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की हे काम मी गेल्या हिवाळ्यात करायला हवं होतं. तेव्हा केलं नाही, आणि आता एका अनोळखी बाळासाठी करायला निघालो आहे.

जीप जुनी, डिझेलची. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो तेव्हा सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक डोंगराळ मुलखातून बदलून आलेला होता, म्हणून तिला हीटर होता. बालाघाटात हीटर असलेली गाडी म्हणजे गंमतच. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, काळ्या पत्र्याची एक पेटी. पेटीत पंखा, आणि खाली पायांवर हवा सोडणारं वाटीएवढं एक तोंड. काचेवर किंवा चालवणाऱ्याकडे हवा यायची सोयच नव्हती. हीटर होता तो फक्त डावीकडे बसणाऱ्यासाठी, आणि डावीकडे कायम तीच बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती. मला शेजारी बसता येत नव्हतं.

आम्ही तो हीटर कधी वापरला नव्हता. थंडीचे दिवस यायचे तेव्हा ती शाल घ्यायची, मी कानटोपी घालायचो, आणि तिच्या माहेरी, खैरलांजीच्या पुढच्या खेड्यात, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचायचो. हीटरचं बटण आहे एवढंच आम्हाला माहीत होतं.

मग तिचं दुखणं निघालं. बालाघाटच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दर पंधरवड्याला यायला सांगितलं. दिवाळी नुकतीच झाली होती. सलाइनमधून ते औषध पहिल्यांदा दिलं त्या दिवशी तिथल्या नर्सबाईंनी मला बाजूला बोलावून समजावलं: यांना गार काही लागू देऊ नका. गार पाण्यात हात नको, फ्रिज उघडणं नको, पायांना गार वारा नको. या औषधानंतर गार लागलं की सुया टोचल्यासारखं होतं. काही दिवस तरी सांभाळा.

मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की काम निम्मं झालं असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

ट्रेनच्या गर्दीत तिला न्यायचं नव्हतं. म्हणून जीप. पहाटे पाचला निघायचं, वैनगंगेच्या पुलावर धुकं असायचं, गर्रा गावाच्या पुढे थोडं उजाडायचं, मग वारासिवनी, तुमसर, भंडारा करत नागपूर. औषध चढवून संध्याकाळी परत. जाताना थंडी असायची, पण खरी काळजी येतानाची. औषध अंगात ताजं असायचं, आणि जीपच्या दारांच्या फटींतून वारा सुरीसारखा आत यायचा.

दुसऱ्या फेरीच्या वेळी मला हीटर आठवला. जाताना वारासिवनी सोडल्यावर मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"काय करून राह्यले?" तिने विचारलं.

"हीटर लावतोय. पंखा फिरत नाही."

तिने शालीतून पाय बाहेर काढला आणि पेटीच्या बुडाला टाचेने एक ठोकर दिली. पंखा घुरघुरला, थांबला, आणि मग सुरू झाला. चांगला मोठा आवाज करत.

"पाहा मास्तर," ती म्हणाली. ती मला लोकांसमोर 'अहो' म्हणायची आणि दोघंच असलो की मास्तर. "तुमी तीस वर्षं पोरायले वीज शिकवली. कोणाले समजावा लागते अन् कोणाले लाथ लागते, हे तुमाले अजून समजलं नाही."

"गरम लागतंय का?"

तिने शाल गुडघ्यांवरून खाली सोडली, पेटीच्या तोंडावर तिचा तंबू केला, आणि जरा वेळाने म्हणाली, "हौ."

त्या एका 'हौ'ने मला इतकं हलकं वाटलं की मी पुढचे दहा-बारा किलोमीटर तिच्याशी बडबडत होतो. एरवी मी गाडी चालवताना बोलत नाही.

त्यानंतर ती पद्धतच पडली. मी बटण दाबायचो, ती ठोकर द्यायची. आवाज सुरू झाला की मी विचारायचो, गरम लागतंय का, आणि ती म्हणायची, हौ. खड्ड्यात पंखा बंद पडला तर पुन्हा ठोकर. कधी एकीत काम व्हायचं, कधी तीन लागायच्या. "आज हट्टाले पेटला," ती म्हणायची. "तुमच्यावर गेला."

मी या पंख्याचा अभ्यास सुरू केला. दुसरा कसला अभ्यास करणार होतो? तिच्या दुखण्याबद्दलची पुस्तकं मी दोन आणली होती आणि दोन्ही पन्नासएक पानांनंतर मिटून ठेवली होती. पंख्याचं तसं नव्हतं. पंख्याला कारण असणार आणि कारण सापडलं की इलाज असणार. मी शाळेतल्यासारखी एक चौकोनी रेघांची वही केली. पहिल्या पानावर आकृती काढली: बॅटरी, फ्यूज, स्विच, तार, मोटर. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. स्विचच्या मागे टेस्टर लावला, वीज येत होती. मोटरच्या तोंडाशीही येत होती. म्हणजे बिघाड मोटरच्या आत. हे मी दोन रविवार घालवून शोधलं आणि जेवताना तिला सविस्तर सांगितलं.

"म्हणजे आतून खराब हाय," ती ताटात पाहत म्हणाली. "बाहेरून सारं ठीक."

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढच्या पानांवर मी तक्ता आखला. फेरी, जाताना की येताना, किती ठोकरींत सुरू झाला, किती वेळ चालला, आणि शेवटचा रकाना: उष्णता. त्यात मी प्रत्येक वेळी 'ठीक' असं लिहिलं. दुसऱ्या फेरीपासून सात फेऱ्या, चौदा ओळी, चौदा वेळा 'ठीक'. मुलांच्या प्रयोगवहीत कोणी असं न मोजता लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

मध्ये एकदा जीप इलेक्ट्रिशियनकडे नेली. आमच्या गावात गाडीची कामं वाटलेली आहेत. तारा, दिवे, बॅटरी पाहणारा इलेक्ट्रिशियन वेगळा. इंजिन, पाइप, पाणी, तेल पाहणारा मिस्त्री वेगळा. दोघांची दुकानं समोरासमोर असली तरी एक दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही. पंखा विजेचा म्हणून मी इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मोटरवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली, पंखा फिरला, त्याने तोंडाशी हात धरला.

"हवा तो आ रही है, मास्साब."

"गार आहे पण."

"इंजन थंडा हाय ना आता. गाडी चालली की गरम येते." मग तो म्हणाला की मोटरचे कार्बन, म्हणजे आत घासून वीज पोचवणारे दोन तुकडे, झिजले आहेत, या गाडीची मोटर इथे मिळत नाही, बाहेरून मागवावी लागेल. "तोपर्यंत ठोकून चालवा. पाण्याबिण्याचं काही असन तर ते मिस्त्रीले दाखवा, ते माझं काम नाही."

मला ते पटलं. तिच्या तपासण्या सुरू होत्या, अहवाल यायचे होते. मिस्त्रीकडे जायचं राहिलं. जावं असं वाटलंच नाही, कारण गाडी चालली की गरम येत होतं. ती तसं सांगत होती.

मी स्वतः कधी हात लावून का पाहिलं नाही? गेले काही दिवस मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याची उत्तरं पाठ झाली आहेत. मी चालवत होतो. पेटीचं तोंड तिच्या पायांजवळ, शालीच्या आत होतं. थांबलो की इंजिन बंद करायचो. ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण एखादा माणूस गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो, पलीकडे जातो आणि हात आत घालतो, याला किती वेळ लागतो?

आणि मी गेलो होतो पलीकडे. नंतरच्या फेऱ्यांत तिच्या पायातलं बळ कमी झालं. ठोकर दिली तरी पत्रा नुसता टणकायचा. पाय बधिर झाले होते. "मले लागतच नाही," ती म्हणायची, "मजा हाय. कितीबी मारा." मग मी गाडी थांबवून तिच्या बाजूचं दार उघडायचो, वाकून पेटीवर मुठीने मारायचो. पंखा सुरू झाला की ती घाईने म्हणायची, "झालं. लावा दार लवकर, गारठा येते आत." मी दार लावायचो. माझा हात तिच्या शालीपासून वीतभर दूर असायचा.

त्या हिवाळ्यातली अजून एक गोष्ट. तिच्याकडे लोकरीच्या मोज्यांचा एक जोड होता, मरून रंगाचा, तिच्या बहिणीने विणलेला. त्यातला एक हरवला. "दवाखान्यात राह्यला वाटते," ती म्हणाली. मी वैतागलो. इतकं सांभाळायला सांगितलं आहे आणि ही मोजा हरवून येते. बसस्टँडजवळ दर हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटर घेऊन बसतात, त्यांच्याकडून मी नवा जोड आणला आणि देताना म्हणालो, "हा तरी नीट ठेव."

"हौ," ती म्हणाली.

तुमसरच्या पुढे चहाला थांबायचो. ती खाली उतरत नसे. मी तिला काचेच्या ग्लासात चहा नेऊन द्यायचो. ती पीत नसे. दोन्ही हातांत धरून बसायची, मग वाकून तो ग्लास खाली पायांच्या मध्ये ठेवायची. "गार होऊ द्या," म्हणायची. गार झाल्यावर प्यायची. हे मी पाहिलं. पाहिलं आणि वहीत लिहिलं नाही.

आठव्या फेरीला डॉक्टरांनी औषध दिलं नाही. मला आत बोलावलं, तिला बाहेर बसवलं. परतताना तिने काही विचारलं नाही. भंडारा सोडल्यावर गारवा वाढला. मी बटण दाबलं आणि ठोकरीची वाट पाहिली. ठोकर आली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती काचेतून बाहेर पाहत होती. उन्हाळी धानासाठी चिखलणी सुरू झाली होती, शेतांत पाणी चमकत होतं.

मी गाडी थांबवली, पलीकडे गेलो, दार उघडलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"गार लागेल तुला."

"राहू द्या ना आता."

मी ऐकलं नाही. मी पेटीवर मारलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा मारलं. डॉक्टरांवरचा, औषधावरचा, कशाकशावरचा राग मी त्या पत्र्यावर काढला. शेवटी पंखा घरघरत सुरू झाला. मी घामाघूम झालो होतो.

"गरम लागतंय का?" मी विचारलं.

तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. मुठीची साल निघाली होती.

"हौ," ती म्हणाली. "लय गरम हाय. चला आता."

होळीच्या आधी ती गेली.

तर मी नोव्हेंबरातल्या एका सकाळी, त्या तरुण शिक्षकाला शब्द दिला म्हणून, जीप मिस्त्रीकडे नेली. इलेक्ट्रिशियनने दुकान बंद केलं होतं, तो गोंदियाला गेला असं कळलं, म्हणून मिस्त्रीकडे. मिस्त्री वयाने माझ्याएवढा, जीप घेतली तेव्हापासूनचा ओळखीचा. तिच्या तेरवीला जेवून गेला होता.

"पंख्याचं काम माझं नाही, पण तुमच्यासाठी करतो," म्हणत त्याने मोटर खोलली. आतले दोन कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. त्याने भंगारातल्या दुसऱ्या कुठल्याशा मोटरचे कार्बन काढले, कानशीवर घासून मापाचे केले, बसवले. पाऊण तास लागला. बटण दाबलं आणि पंखा पहिल्या दमात फिरला. ठोकरीविना. मला ते बरं वाटलं नाही.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच. मागच्या साली आणली असती तर मागच्याच साली केलं असतं." त्याने पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पंखा तर फिरून राह्यला. हवा कुठी गेली?"

त्याने बोटं आत घातली, चाचपली, आणि काहीतरी ओढून काढलं. मरून रंगाची लोकर. धुळीने राखाडी झालेली.

"उंदरानं नेला असन," तो म्हणाला. "या धानाच्या दिवसांत उंदीर लय. काहीबी नेते गाडीत."

मी तो मोजा हातात घेतला. कुरतडलेला नव्हता. दुमडलेला होता, घट्ट, तोंडाच्या मापाचा, आणि वरची किनार उलटी करून त्यावर ओढलेली. ती मोजे असेच गुंडाळून ठेवायची. उंदीर मोज्याची घडी घालत नाही.

तरीही त्या क्षणी मला सगळं समजलं नाही. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की तिला फार गरम होत असेल. चटके बसत असतील, म्हणून तिने तोंड बंद केलं असेल. हा विचार मला किती आवडला! जेमतेम दहा मिनिटं तो माझ्याजवळ होता.

मिस्त्रीने इंजिन सुरू केलं आणि तापू दिलं. काटा वर आला. मोकळ्या तोंडातून आता जोरात हवा येत होती. त्याने हात धरला, माझाही हात ओढून धरला. हवा गार होती. सकाळच्या थंडीत बाहेरची हवा होती तितकीच गार, आणि जोराची.

तो बॉनेट उघडून वाकला आणि लगेच हसला.

"अरे मास्साब! हीटरमध्ये पाणीच नाही जाऊन राह्यलं. हे पाहा." इंजिनातून निघालेला जाड रबरी पाइप हीटरकडे न जाता अर्धा गोल वळून पुन्हा इंजिनातच शिरला होता. "इंजिनाचं तापलेलं पाणी या पाइपानं पेटीत जाते, तिथं जाळी तापते, मग पंखा गरम हवा देते. हे तर बायपास केलेलं हाय. पंखा किती बी फिरवा, गारच हवा येईन."

"कोणी केलं हे?"

त्याने पाइपावर बांधलेली तार पुसली, निरखून पाहिली. "माझंच काम हाय. ही तार मीच बांधतो अशी." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज: "तुमीच म्हणलतं ना. मे महिना होता. लालबर्ऱ्याले लग्नाले जाऊन राह्यलते तुमी. बाईचे पाय भाजून राह्यले म्हणे, काहीतरी करा. मी म्हणलं, आपल्या इकडं हीटर कोण लावते, बायपास मारून देतो. मी साऱ्याच गाड्यांचं करतो. हिवाळ्यात पाहिजे तर जोडून घेजा, असंबी म्हणलतं."

मग मला आठवलं. लग्नाचा दिवस, जीपमध्ये तापलेल्या पेटीची आच, तिची जरीची साडी गुडघ्यांपर्यंत वर धरलेली, आणि ती म्हणत होती, "मास्तर, माझे पाय शिजले." मिस्त्रीने दहा मिनिटांत काम केलं होतं. ती तिथेच बाकावर बसली होती. सगळं तिच्यासमोर झालं होतं. मी विसरलो. आमच्या गावात उन्हाची काळजी करणारा माणूस थंडीसाठी काही लक्षात ठेवत नाही, म्हणून विसरलो. ती विसरली होती की नाही, कोणास ठाऊक. विसरली असली तरी दुसऱ्या फेरीला, पंखा पहिल्यांदा फिरला आणि गार वारा थेट पायांवर आला, तेव्हा तिला आठवलंच असेल.

आणि मी विचारलं होतं, गरम लागतंय का.

मिस्त्रीने पाइप जोडायला पाच मिनिटं घेतली. "बसा मास्साब, पाहा आता." मी डावीकडे चढून बसलो. इतक्या वर्षांत त्या जागेवर मी पहिल्यांदाच बसत होतो. समोरची पेटी बुडाशी आत चेपली होती, टाचेच्या आकाराची, आणि तिच्या शेजारी माझ्या मुठीचे पोचे. गरम हवा आली. धुळीचा, जळक्या लोकरीचा वास. पायांना ऊब लागली, मग आच.

"कशी हाय?" मिस्त्रीने विचारलं.

"बंद करा," मी म्हणालो.

घरी येऊन मी वही काढली. एवढं आता स्पष्ट होतं की तिला एकाही फेरीत ऊब मिळाली नव्हती. मोजा आत जाईपर्यंत, ज्या वाऱ्यापासून तिला जपायला सांगितलं होतं तोच वारा मी तिच्या पायांवर सोडत होतो. सुया टोचतात असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मोजा आत गेल्यावर निदान तो तरी थांबला असेल. मग ती पंखा ठोकरून सुरू का करत राहिली? हेही स्पष्ट आहे. आवाज मला ऐकू यावा म्हणून. आवाज आला की मी निर्धास्त गाडी चालवायचो.

मला आता फक्त एक शोधायचं होतं: मोजा कोणत्या फेरीला आत गेला. दुसऱ्याच फेरीला गेला असेल तर एकदाच टोचलं. सहाव्या फेरीला गेला असेल तर मी तिला पाच वेळा टोचलं. यात किती फरक आहे हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मी तिबेटी बायकांकडून नवा जोड कधी आणला ते आठवून पाहिलं. संक्रांतीच्या आधी की नंतर? तिळगुळाचा डबा ओट्यावर होता असं एकदा वाटतं, नव्हता असंही वाटतं. वहीत चौदा ओळी आहेत. ठोकरी आहेत, मिनिटं आहेत. मोज्याबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या रकान्यात 'ठीक', 'ठीक', 'ठीक', माझ्या चांगल्या अक्षरात.

तिच्या मोज्याचा दुसरा जोडीदार मी शोधला. तो नव्हता. तिचे कपडे तेरवीनंतर वाटले तेव्हा एकटा मोजा कोणाला द्यायचा म्हणून मी तो फेकला होता, हे मागाहून आठवलं.

तरुण शिक्षक येऊन जीप घेऊन गेला. हीटर चालतो का, असं त्याने पुन्हा विचारलं, आणि मी "चालतो" म्हणालो. आठवडाभराने त्याचा फोन आला. तो बायकोला आणि बाळाला घेऊन बिरस्याकडे निघाला होता. वाटेत गाडी उभी करून बोलत होता. इंजिन सुरू होतं.

"सर, एकदम बढिया चालून राह्यली गाडी. हीटरपण मस्त. बायको म्हणते, लय गरम हाय."

मी विचारलं, "तुम्ही हात लावून पाहिलात?"

"काय सर?"

"खाली पायाजवळ. तुम्ही स्वतः हात लावून पाहिलात का?"

तो हसला. "ती म्हणते ना सर. तिच्याच बाजूले तर हाय."

"ती म्हणेलच," मी म्हणालो. "तुम्ही खाली उतरा. तिकडून जा आणि हात लावा. मी थांबतो."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असेल. मग दार उघडल्याचा आवाज आला. बाळ रडायला लागलं. एक बाई 'काहून, काय झालं' असं विचारत होती. मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो, आणि त्या सगळ्यामागे पंखा चालू होता. तोच आवाज, मोठा, न अडखळता. त्या आवाजावरून काहीच कळत नव्हतं.